उटी

पहाटे तीन एक्केचाळीसला खांबाची सावली फिरली.
गारगोटीच्या डेअरीतल्या कॅमेऱ्यात दिसतं ते एवढंच:
रिकाम्या कॅनांची रांग, कट्ट्यावर झोपलेलं कुत्रं,
आणि अंगणभर सर्रकन फिरलेली सावली,
जसा कुणी अख्खा दिवस
चार सेकंदांत उरकून टाकला.
कुत्र्यानं मान उचलली. परत ठेवली.

दस्तगीर म्हणाला, हे घड्याळ सात मिनिटं पुढं आहे.
मशीन त्यानंच बसवलेली, तिच्या खोडी त्याला ठाऊक.
कागलच्या पंपावरचं दोन मिनिटं मागं,
शिरोलीत आमच्या फाउंड्रीच्या गेटवरचं तर
अजून गेल्या सालातच.
तीन खोट्या घड्याळांतून
आम्ही एक खरा क्षण काढला.
विजयमाला बाईंनी नकाशावर शिवणाचे दोरे ताणले,
तोंडात टाचण्या धरून.
दोरे भेटले तिथं,
वेदगंगेच्या काठी, मुरगूडच्या खालच्या अंगाला,
पुरुषभर उंच ऊस उभा होता.

"ह्यात हत्ती हरवतोय," आदगोंडा म्हणाला,
"आणि तुम्ही लिंबाएवढा दगड शोधालाय."
खरं तोच रोज मोटारसायकल घेऊन यायचा.

दहा दिवस बांधावरून फिरलो.
काठीच्या टोकाला लोहचुंबक.
आमच्या मुलखात चुंबकावर विश्वास ठेवू नये,
तो काळ्या कातळाला हो म्हणतो, जांभ्याला हो म्हणतो,
नांगराच्या तुटक्या फाळाला तर धावत जाऊन.
पोरं खिसे भरून आणत.
एकानं आणला काळा, जड, भोकाभोकांचा,
"काका, ह्यो वरनं पडलाय, आईशप्पत."
हातात घेतला आणि ओळखला.
कडेला निळसर काच, पोटात अडकलेली वाळू.
एकोणीस वर्षं मी हीच वाळू चाळतोय.
आमच्याच भट्टीची मळी,
कुठल्या तरी रस्त्याच्या भरावात इथवर आलेली.
पोराला पाच रुपये दिले.
दगड पिशवीत टाकला,
दुसऱ्याच्या दारात आपलं काही सापडावं तसा, गुपचूप.

अकराव्या दिवशी तोड आली.
पाटोद्याची टोळी, अकरा कोयते.
आम्ही कोयत्यांच्या मागं मागं, पाचोळ्यात डोळे घालून.
दुपारपर्यंत अर्धं रान उघडं झालं.
एक सापाची कात, एक चप्पल, आणि ऊन.

सावलीला बसलो तर समोर भरलेली गाडी.
बैल सोडलेले, जू टेकलेलं, उतारावर चाक,
आणि चाकाखाली उटी.
बाईंचा तांब्या तोंडाशी थांबला.

काजळीसारखा काळा, पण काजळी हाताला लागेना.
कोपरा धावेनं उडालेला.
आत राखाडी, ओल्या सिमेंटचा रंग,
त्यात मोहरीएवढे गोल दाणे
आणि लोखंडाचे चमकते कण,
जे कुठल्याच भट्टीनं ओतले नव्हते.
मी नाकाशी धरला.
वंगणाचा वास आला, आणि बैलाचा.

"त्या राती बैलं उठली," मंदोदरी म्हणाली,
"फडात धप्पदिशी झालं. सकाळी पाणी आणाया गेले
तर वाटंवर हा. गार, दव पडलेला.
बरा वाटला चाकाला."
किती लांबून आला, तिनं विचारलं.
बाईंनी आकडा सांगितला, शून्यांसकट.
ती हसली. "न्या की मग.
पण गाडी भरलीय. आधी दुसरा लावा."

मी पिशवीत हात घातला.
माझ्या भट्टीचा दगड चाकापाशी ठेवला, पायानं ठोकला.
आदगोंडानं खांदा दिला, दस्तगीरनं पहिला काढला.
गाडी बोटभर सरकली, करकरली,
आणि थांबली.

बाईंनी वही उघडली. खात्याला कळवायचं होतं.
वजन. ठिकाण. वेळ.
शोधणाऱ्याचं नाव.
"माझं कशाला?" मंदोदरी कोयता पुशीत म्हणाली,
"मी कुठं शोधला?
पायाला ठेचकाळला."